हिरवी पोच

३ मार्च, सोमवार

आज साहेबांनी फाइलवर सही केली. दोन वर्षं ती त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली पडून होती. सही झाल्यावर म्हणाले, आता रोजची नोंद ठेवा, वर पाठवावी लागेल. ती नोंद ऑफिसात ठेवीनच. ही वही माझी. वर पाठवायच्या नोंदीत शंका लिहिता येत नाहीत, आणि शंका पोटात ठेवल्या की मला पित्त होतं.

या पार्सल कंपनीत मी चौदा वर्षं रूट आखते. कुठली गाडी कुठल्या गल्लीत किती वाजता, हे खुर्चीत बसून ठरवायचं. उंटावरून शेळ्या हाकायचं काम. शहराच्या जुन्या भागात आमच्या नऊ डिझेल व्हॅन दिवसभर फिरतात. एक थांबली की मागे दहा जण हॉर्न वाजवतात. कोपऱ्यावरच्या शाळेने रस्त्याकडच्या खिडक्या कित्येक वर्षांत उघडलेल्या नाहीत. एकदा मी त्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं होतं, काजळ लागावं तसं काळं झालं.

माझी योजना साधी आहे. नऊच्या नऊ व्हॅन बंद. एकच गाडी दिवसातून दोनदा माल आणून जुन्या भागातल्या एका गाळ्यात टाकेल. तिथून सहा तीनचाकी सायकली, मागे मोठी पेटी आणि चढासाठी बॅटरीची मोटर, दारोदार पार्सलं पोचवतील. नाव ठेवलंय ‘हिरवी पोच’. नाव साहेबांचं. बाकी सगळं माझं.

त्या नऊ ड्रायव्हरांपैकी एक दादा आहे. माझा थोरला भाऊ. सव्वीस वर्षं व्हॅन चालवतोय. माझी नोकरीही त्याच्यामुळेच. तेव्हाच्या मॅनेजरसमोर उभा राहून तो म्हणाला होता, माझ्या बहिणीला अख्खं शहर तोंडपाठ आहे. खोटं नव्हतं. शाळेच्या सुट्टीत शेजारी बसवून त्यानेच गल्ल्या पाठ करून घेतल्या होत्या माझ्याकडून.

साहेब म्हणाले, बाकीच्यांना मी सांगतो, त्याला तुम्ही सांगा. घरचं माणूस आहे.

६ मार्च, गुरुवार

ऑफिस सुटल्यावर दादाकडे गेले. माझं माहेर म्हणजे दादा-वहिनीच्या दोन खोल्या. मी एकटी राहते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी पाय तिकडे वळतातच. दादा जेवायला बसला होता. मी सगळं समजावलं, नकाशाही दाखवला. दोन पर्याय होते. एक, शहराबाहेरच्या मोठ्या गोदामावर व्हॅन चालवायची, म्हणजे जाण्यायेण्यात रोज चार तास. दुसरा, इथेच राहून सायकल.

दादा हसला. म्हणाला, चोपन्नाव्या वर्षी बहीण मला सायकल घेऊन देतेय, लहानपणी बापाने दिली नव्हती. मग विचारलं, माझ्या गाडीचं काय होणार? मी सांगितलं, विकणार. त्यावर तो बराच वेळ नकाशाकडे बघत बसला. नकाशा त्याला आवडला असावा.

वहिनी म्हणाली, “वन्सं, यांच्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीत आहे ना?” मी मोटरचं सांगितलं. पाय नुसते फिरवायचे, जोर मोटरचा. उलट व्यायामच होईल. वहिनी उठून आत गेली. ती तशी कमीच बोलते.

शेवटी दादा म्हणाला, “तुझी योजना आहे ना? मग बसतो सायकलवर.”

एवढा हलका जीव घेऊन मी कित्येक दिवसांत घरी आले नव्हते. गप्पांच्या नादात दादाचं जेवण मात्र अर्धं राहिलं.

१७ मार्च, सोमवार

पहिला दिवस. गाळा आधी फर्निचरच्या दुकानाचा होता, अजून आत पॉलिशचा वास आहे. सहा हिरव्या सायकली ओळीने लावल्या. प्रत्येक पेटीच्या दारावर पत्र्याची पाटी आहे: नव्वद किलोपेक्षा जास्त माल ठेवू नये.

फोटोवाला आला होता. साहेबांना पोस्टरसाठी अनुभवी चेहरा हवा होता, म्हणून दादाला सायकलवर बसवून पंधरा-वीस फोटो काढले. दादाला हेल्मेट लहान पडत होतं. हसा म्हटल्यावर तो हसला.

एक अडचण आहे. प्रत्येक सायकलला दोन बॅटऱ्या ठरल्या होत्या, एक चालू असताना दुसरी चार्जिंगला. आल्या एकेकच. शिवाय गाळ्यात चार्जिंगचं कपाट बसवायला वरच्या मजल्यावरच्यांची हरकत आहे, आगीची भीती. अग्निशमनचा कागद येईपर्यंत बॅटऱ्या मोठ्या गोदामातून चार्ज होऊन गाडीने येणार. दुपारनंतर त्या दमतात. साहेब म्हणाले, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे.

२७ मार्च, गुरुवार

आजचा दिवस मोठ्या अक्षरात लिहायला हवा. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ऑफिसात फोन करून मला मागून घेतलं. रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या त्यांनी उघडल्या. म्हणाल्या, वर्गात पहिल्यांदा बाहेरचे पक्षी ऐकू आले, आणि मुलं खोकण्याऐवजी खिडकीबाहेर बघायला लागलीत, आता त्यावर इलाज सांगा. मी हसले, आणि फोन ठेवल्यावर जिन्यात जाऊन रडले.

दहा दिवसांतच डिझेल निम्म्याहून कमी. दर पार्सलमागे धूर किती, हा आकडा मी रोज संध्याकाळी काढते. तो आकडा मला पाठ असतो, जसं एखाद्या आईला लेकराचं वजन पाठ असतं.

४ एप्रिल, शुक्रवार

दादा मागे पडतोय. बाकीचे पाच जण दिवसाला शंभराच्या पुढे पोचवतात, दादा सत्तरावर अडतो. पार्सलं नोंदवायच्या त्याच्या यंत्रावरच्या नोंदी मी पाहिल्या. चढावरच्या वस्तीत तो एकेका जिन्यावर सात-सात मिनिटं थांबतो. तिथे सगळे ओळखीचे. कोणी पाणी विचारतं, कोणी मुलीचं लग्न कुठवर आलं ते सांगतं, आणि हा ऐकत बसतो. सव्वीस वर्षांची सवय.

आज सगळ्यांसमोर बोलले त्याला. मुद्दामच सगळ्यांसमोर, कारण भावाला सूट देते असं कोणाला वाटायला नको. आपलेच दात आपलेच ओठ, पण काम म्हणजे काम. मी म्हटलं, गप्पा कमी करा. कामावर मी त्याला अहो-जाहो करते.

तो म्हणाला, “हो, मॅडम.”

त्याच्या तोंडून मॅडम पहिल्यांदा ऐकलं. बाकीचे खाली बघत होते. सहा जणांत एकच बाई आहे, बारा महिने लोकरीची टोपी घालते म्हणून तिला सगळे टोपीवाली म्हणतात. ती नंतर हळूच मला म्हणाली, की ते गप्पा मारत नाहीत, पायरीवर बसलेले असतात. मी म्हटलं, तेच ते.

१० एप्रिल, गुरुवार

दादासाठी गुडघ्याचे पट्टे मागवले. घाई होती म्हणून उद्याच्या उद्या पोच असा पर्याय निवडला. पत्ता ऑफिसचा दिला. आज दुपारी दारात दादाच उभा, हातात टीव्ही मावेल एवढा खोका. आत सगळा फुगवलेला प्लास्टिकचा कागद आणि तळाशी दोन पट्टे. ते दोन पट्टे शहराबाहेरच्या गोदामातून एकट्याने गाडीत बसून आले होते. त्यांच्यासाठीच आजची गाडी अर्धा तास थांबवली होती, हे मला संध्याकाळच्या नोंदीत दिसलं.

दादा म्हणाला, कोणाचे आहेत? मी म्हटलं, तुझेच. तो जिन्यावर बसून पोट धरून हसला. कितीतरी दिवसांनी असा हसला. मग पट्टे बांधायला पँट वर केली तेव्हा मी पाहिलं, दोन्ही गुडघे सुजून पावासारखे झाले होते. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, रविवारी. ऑफिसात फोन वाजत होता म्हणून मी आत गेले.

२२ एप्रिल, मंगळवार

मुख्य कार्यालयातून पाहणीला एक जण आले. त्यांचं नाव आम्ही आकडेवाले ठेवलं आहे, कारण ते नमस्कारालाही टक्क्यात उत्तर देतील. पर्यावरणाच्या एका मोठ्या पुरस्कारासाठी आमची योजना पाठवताहेत. पण आकडा अजून कमी हवा.

आकडा कुठे बिघडतो ते मला ठाऊक आहे. माल वाढलाय. दोन फेऱ्यांत मावत नाही, म्हणून गाडीला तिसऱ्यांदा यावं लागतं. आणि माल वाढतो कारण लोक चपलांचे तीन नंबर मागवतात आणि दोन परत करतात, सकाळी साबण मागवतात आणि संध्याकाळी साबणाची डबी.

मी साहेबांना खरा उपाय सांगितला. गिऱ्हाइकाला विचारू या, दोन दिवस थांबाल का? एका इमारतीची सगळी पार्सलं एकाच दिवशी नेऊ. निम्मे तरी हो म्हणतील. साहेब म्हणाले, “गिऱ्हाइकाला थांब म्हणायचं नाही. दुसरं काहीही करा.”

दुसरं काय करणार? तिसरी फेरी बंद केली आणि तो माल सायकलींवर वाटला. गाळ्यातल्या फळ्यावर मी स्वतः खडूने लिहिलं: आजपासून एका खेपेला १२० किलोपर्यंत. टोपीवालीने पेटीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मी तिला समजावलं की कारखानदार नेहमी हातचं राखूनच लिहितात, आणि हे तात्पुरतं आहे, दुसऱ्या बॅटऱ्या आल्या की प्रश्नच मिटला.

तिला पटलं. निदान तिने पुन्हा विचारलं नाही.

५ मे, सोमवार

आकडा उतरला. आकडेवाल्यांनी फोनवर “उत्तम” म्हटलं.

दुपारी दादा गाळ्याच्या मागच्या बाजूला मला एकटीला गाठून बोलला. म्हणाला, “तो चढ थोडे दिवस दुसऱ्या कोणाला दे. बॅटरी तिथवर टिकत नाही.”

एवढंच. त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, त्यामुळे मी क्षणभर गांगरले. मग नीट विचार केला. चढावरच्या गल्ल्यांना ना नंबर ना पाट्या, त्या फक्त दादाला माहीत. नवा माणूस घातला तर आठवडाभर सगळा गोंधळ, आणि दोन आठवड्यांत पुरस्काराचे परीक्षक येणार आहेत. शिवाय भावाला सपाटीचा रूट दिला तर बाकीचे काय म्हणतील? मी म्हटलं, परीक्षक येऊन जाऊ देत, मग बघू. तो बरं म्हणाला आणि पेटी लावायला गेला.

त्याला माझी बाजू समजते. घरच्या माणसाचा हाच फायदा असतो.

१३ मे, मंगळवार

दादा पडला.

पडला नाही. टोपीवालीने सगळं सांगितलं, तसंच लिहिते. तीन वाजता चढाच्या दुसऱ्या वळणावर मोटर बंद पडली. सायकल मागे सरकायला लागली. दादाने उडी मारली असती तर निसटला असता. पण खालून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चढत होते. दादाने हँडल सोडलं नाही, सगळा जोर लावून सायकल भिंतीकडे वळवली, आणि भिंत आणि पेटी यांच्यामध्ये तो स्वतः आला. म्हाताऱ्यांना खरचटलंसुद्धा नाही.

खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डावा गुडघा कामातून गेला. ऑपरेशनच्या खोलीबाहेर वहिनी बाकावर बसली होती, मांडीवर दादाची चप्पल. एकच. मी शेजारी बसले तेव्हा ती थोडी सरकली. मला जागा द्यायला सरकली असेल.

१४ मे, बुधवार

दादा शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणतात चालेल, पण काठीने, आणि सायकल किंवा गाडी आता विसरा.

सकाळी लवकर गाळ्यावर गेले. पाच सायकली होत्या, सहाव्या जागी तेलाचा डाग. फळ्यावर बरीच धूळ बसली होती, पुसून काढला. नाहीतरी रोजच्या सूचना नव्याने लिहाव्याच लागतात.

अकरा वाजता साहेबांचा निरोप: सुरक्षा विभागाचे चौकशी अधिकारी येणार, त्याआधी तुमचा अहवाल तयार हवा. परीक्षक सोमवारी येताहेत, तोवर प्रकरण मिटलेलं बरं. छापील फॉर्म आहे. सातवा रकाना, पेटीतील मालाचं वजन. आठवा, जादा माल असल्यास कोणाच्या सूचनेवरून.

यंत्रात वजनाची नोंद आहे, एकशे अठरा. ते लपवता येणार नाही. आठव्या रकान्याशी येऊन बसले आणि दुपार झाली.

१६ मे, शुक्रवार

अहवाल दिला.

नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच माझ्याबद्दल गैरसमज होणार नाही. माझ्या सूचनेवरून, असं लिहिलं असतं तर काय झालं असतं? योजना बंद. पाच जणांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. नऊ व्हॅन परत आल्या असत्या आणि शाळेने खिडक्या लावून घेतल्या असत्या. दादाचं हाड काही जुळलं नसतं. एका माणसाच्या चुकीपुढे, मग ती कोणाचीही असो, अख्ख्या वस्तीचा श्वास मोठा आहे. हे मी साहेबांना सांगत नाही, मला स्वतःला वाटतं.

म्हणून आठव्या रकान्यात लिहिलं: “फेरी वाचावी म्हणून चालकाने स्वतःहून.”

चार-पाच शब्द तर आहेत.

बाहेर पडताना टोपीवाली भेटली. तिला अहवालातलं कळलं होतं, ऑफिसात भिंतींना कान आणि शिपायाला तोंड आहे. ती म्हणाली, “फळ्यावर अक्षर तुमचं होतं, मॅडम.” आवाज चढवला नाही. घरी दोन लहान मुलं आणि आजारी नवरा आहे तिच्या, ती पुढे कुठे बोलायची नाही. हे लिहिताना मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली. दोन्ही खरं.

२० मे, मंगळवार

काल परीक्षक येऊन गेले. शाळेत नेलं, खिडक्या दाखवल्या. फार खूश झाले.

आज दवाखान्यात गेले. आठव्या रकान्याचं दादाला आपल्या तोंडाने सांगायचं असं घरून ठरवून निघाले होते. चूक चालकाची ठरली तर कंपनीची भरपाई मिळत नाही, हे साहेबांनी मला अहवाल दिल्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, याचं उत्तर इथे लिहायचं नाही.

दादा उशीला टेकून बसला होता. आठवडाभरात दाढी पांढरी दिसायला लागली. मी पाण्याचा तांब्या भरला, चादर सारखी केली, खिडकी उघडली, पुन्हा लावली. शेवटी तोच म्हणाला, चौकशीवाले गुरुवारी येऊन गेले, जबाब दिलाय.

गुरुवारी. म्हणजे माझ्या अहवालाच्या आदल्या दिवशी. मी विचारलं, काय सांगितलंस?

“मीच जास्त माल भरला म्हणून सांगितलं. तू तेच लिहिणार, मला ठाऊक होतं. दोघांचं जुळायला हवं ना.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी मी पाटी फोडली की वडिलांना तो म्हणायचा, माझ्या हातून फुटली, अगदी त्याच आवाजात बोलला. मी त्याच्या पायाशी बसले. प्लास्टरवर हात ठेवला, पण त्याला तो कळत नसणार.

तो म्हणाला, सव्वीस वर्षं त्या शाळेसमोरून मीच धूर सोडत गेलो, तुझी योजना चांगली आहे, ती चालू राहू दे. आणि वजन तेवढं पुन्हा नव्वदवर आण.

मी हो म्हटलं.

४ जून, बुधवार

पुरस्कार मिळाला. मोठं सभागृह, पाचशे माणसं. प्रत्येक खुर्चीवर एक भेटपिशवी, तिच्यात पुठ्ठ्याची डबी, डबीत कागदाची पुरचुंडी आणि पुरचुंडीत एक पेन्सिल. मंचामागे दादाचं पोस्टर, छतापर्यंत. हेल्मेट लहान झालेला, हसणारा. मी त्याच्या हनुवटीच्या खाली उभी राहून ढाल घेतली.

सूत्रसंचालकाने विचारलं, यशाचं रहस्य काय? मी म्हटलं, आमची माणसं. खूप टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी साहेबांनी सांगितलं की योजना आता आणखी चार भागांत नेणार, चोवीस सायकली, आणि सगळ्याची प्रमुख मी. आकडेवाले शेजारीच होते. ते म्हणाले, एकशेवीस किलोवर तीन आठवडे योजना उत्तम चालली, म्हणजे तेच प्रमाण धरायला हरकत नाही. अपघात चालकाच्या चुकीने झाला हे तर कागदावर आहेच. नव्या पेट्यांवर पाटीच तशी येईल. जुन्या पेट्यांवरच्या बदलून घेऊ.

मी काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात फोटोसाठी बोलावलं.

१२ जून, गुरुवार

दादा घरी आलाय, पण दिवाणावरून उठायला दोन माणसं लागतात. वहिनी आता सकाळी दोन घरी स्वयंपाकाला जाते. हे मला तिने नाही, शेजारणीने सांगितलं. मी काही मदत देऊ केली तेव्हा वहिनी म्हणाली, “वन्सं, तुमचा हात देता राहू दे, पण आमच्याकडे नको.”

दादाने कामाचं विचारलं. मी पुरस्काराचं सांगितलं, चार नव्या भागांचं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता. मग म्हणाला, चढावर आता कोण जातं?

मी म्हटलं, टोपीवाली.

“किती किलो?”

खोटं बोलता आलं असतं. आठव्या रकान्यात बोलले होते, इथे जमलं नाही. मी म्हटलं, एकशेवीस. आणि म्हटलं, आता नियमच झालाय तो.

दादा कूस बदलायला गेला, ती बदलता येईना, तेव्हा नुसतं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाला, “मग मी खोटं कशाला बोललो?”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जबाबात खोटं होतं हे तिला त्याच क्षणी कळलं, तिच्या चेहऱ्यावर मी ते बघितलं. तिच्याशीही तो बोलला नव्हता. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं, माझी पर्स खुर्चीवरून उचलून माझ्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.

उद्या साहेबांशी बोलणार. सगळं. फळ्याचं, आठव्या रकान्याचं, पाटीचं. योजना बंद पडली तर पडली.

१६ जून, सोमवार

शुक्रवारी साहेब बाहेरगावी होते. आज भेटले.

केबिनमध्ये गेले, दार लावलं. पाठ करून गेले होते. सुरुवातही बरोबर झाली. म्हटलं, साहेब, त्या वजनाबद्दल, त्या दिवशी फळ्यावर... त्यांनी हात वर केला. शांतपणे म्हणाले, “मी तुम्हाला त्या फळ्याबद्दल कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगू नका.”

मग त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, भावाचं दुःख आहे, समजतो. वजनाची काळजी वाटणं साहजिक आहे. बोला, काय करू या? मी म्हटलं, नव्वद. ते म्हणाले, नव्वद म्हणजे तिसरी फेरी, तिसरी फेरी म्हणजे डिझेल, आणि डिझेल तर तुम्हालाच नको होतं. मी म्हटलं, मग शंभर तरी. चढावर शंभर. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, बरंच काही केलं, खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी म्हणाले, तुमच्यासाठी म्हणून एकशेपंधरा. पाट्या अजून छापायला गेलेल्या नाहीत, लगेच कळवतो.

पाच किलो. मला खरंच बरं वाटलं. एवढी घासाघीस साहेबांशी आजवर कोणी केलेली नाही.

मी थँक्यू म्हटलं आणि बाहेर आले. जागेवर येऊन बसले, नव्या भागाचा नकाशा उघडला, चढाच्या गल्ल्यांवर पेन्सिलीने खुणा करायला घेतल्या. चौथी खूण करताना लक्षात आलं की मी आत खरं सांगायला गेले होते.